भारित कृष्णविवर आणि त्याभोवतीचा आरसा: सुपररेडियन्सचं अस्थैर्य स्वतः मोजण्याची रीत

कृष्णविवरावर सोडलेली लाट आपटून परत येताना मोठी होऊन येऊ शकते. जादा ऊर्जा विवराच्या साठ्यातूनच येते, आणि या घटनेला सुपररेडियन्स म्हणतात. याकॉव झेल्डोविच यांनी १९७१ साली फिरत्या, ऊर्जा शोषणाऱ्या दंडगोलासाठी ही कल्पना मांडली. विल्यम प्रेस आणि सॉल ट्युकोल्स्की यांनी १९७२ साली फिरत्या विवराभोवती आरसा बसवून ‘कृष्णविवर बॉम्ब’ कल्पिला. जेकब बेकेन्स्टाइन यांनी १९७३ साली दाखवलं की फिरणं आवश्यक नाही, विवरावर विद्युतभार असला तरी पुरतं.

या लेखात आपण तो भारित बॉम्ब स्वतः सोडवणार आहोत. साधा लॅपटॉप, पायथन (सायपाय आणि एमपीमॅथसह) आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाइतकं अवकल समीकरणांचं गणित एवढी तयारी पुरेशी आहे. शेवटी तुमच्या हातात दोन उत्तरं असतील: आरसा किती अंतरावर गेला की क्षेत्र वाढू लागतं, आणि ते किती वेगाने वाढतं.

माझं ठाम मत आधीच सांगतो. कृष्णविवरांचं अस्थैर्य शिकायचं असेल तर सुरुवात फिरत्या विवरापासून करू नका. तिथे कोनीय समीकरण वेगळं सोडवावं लागतं, गोलीय सममिती नसते आणि वाढ इतकी मंद असते की संगणकाच्या चुकीत ती हरवू शकते. भारित विवरात या तिन्ही अडचणी नाहीत. दुसरं मत: थेट संमिश्र वारंवारता शोधायला धावू नका. आधी उंबरठा काढा, म्हणजे जिथे वाढ शून्य असते तो आरसा. ते गणित पूर्ण वास्तव संख्यांचं आहे, आणि पुढच्या शोधाची सुरुवात तिथूनच होते.

वाढ येते कुठून

प्रकाशवेग, गुरुत्वस्थिरांक आणि कूलोंबचा स्थिरांक १ धरू. विवराचं वस्तुमान व, त्याचा भार भ, बाहेरच्या अदिश (दर बिंदूला दिशा नसलेली एकच किंमत असलेल्या) क्षेत्राचा भार क आणि लाटेची कोनीय वारंवारता न. क आणि भ एकाच चिन्हाचे आहेत असं समजू. बाह्य क्षितिजाची त्रिज्या त₊ असेल, तर क्षितिजावरचा विद्युत विभव भ/त₊ होतो.

लाट विवरात शिरते तेव्हा ऊर्जा आणि भार न : क या प्रमाणात नेते. कृष्णविवर यामिकीच्या पहिल्या नियमानुसार क्षितिजाच्या क्षेत्रफळातला बदल, धन गुणक सोडून, असा येतो:

वस्तुमानातला बदल × (१ − क·भ / (न·त₊))

हॉकिंग यांच्या १९७१च्या प्रमेयानुसार हे क्षेत्रफळ कमी होऊ शकत नाही. न ही क·भ/त₊ पेक्षा लहान असेल तर कंस ऋण होतो, म्हणून वस्तुमानातला बदलही ऋणच असावा लागतो. म्हणजे विवर हलकं होतं आणि लाट जड होऊन परतते. सीमारेषेवरच्या वारंवारतेला न₀ म्हणू:

न₀ = क·भ / त₊

सुपररेडियन्सची अट: ० < न < न₀. पुढचं सगळं गणित या एका ओळीभोवती फिरतं, म्हणून ती पक्की डोक्यात बसवा.

साठा किती मोठा आहे, तेही पाहू. क्रिस्टोडूलू आणि रुफिनी यांनी १९७१ साली दाखवलं की भार कमाल मर्यादेला असलेल्या विवराच्या वस्तुमानापैकी ५० टक्क्यांपर्यंत ऊर्जा तत्त्वतः काढता येते, तर फिरत्या विवरात ही मर्यादा सुमारे २९ टक्के आहे. विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या मदतीने विवराची ऊर्जा काढण्याच्या विषयात आपल्याकडचंही मोलाचं काम आहे. कणाचे तुकडे करून फिरत्या विवरातून ऊर्जा काढण्याच्या पेनरोज प्रक्रियेला वेगाची जाचक अट आड येत होती. वाघ, धुरंधर आणि दधिच यांनी १९८५ साली दाखवलं की विद्युतचुंबकीय क्षेत्र असेल तर ती अट सैल होते. दधिच आणि धुरंधर पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत अनेक वर्षं काम करत होते. हा विषय हाती घेणाऱ्याने त्यांचा तो निबंध जरूर वाचावा.

आरसा का लागतो

परतलेली लाट मोठी असली तरी ती अनंतात निघून गेली तर गोष्ट तिथेच संपते. वर्धन म्हणजे अस्थैर्य नव्हे. गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी सुरू होते, कारण वाढलेला आवाज पुन्हा माईकमध्येच शिरतो. इथेही वाढलेली लाट परत विवराकडे वळवली पाहिजे.

क्षेत्राला स्वतःचं वस्तुमान दिलं तर ते वस्तुमानच भिंतीचं काम करतं, आणि फिरत्या विवरात तसं होतंही. भारित, न फिरणाऱ्या विवरात मात्र ही युक्ती चालत नाही. समचिन्ही भारामुळे विवर क्षेत्राला दूर ढकलतं. गुरुत्वाने ते धरून ठेवायचं तर क्षेत्र पुरेसं जड हवं, आणि इतकं जड क्षेत्र सुपररेडियन्सच्या पट्ट्यात बसत नाही. शहार हॉड यांनी २०१३ साली याची सिद्धता दिली. त्यामुळे आपण त = आ या त्रिज्येवर परिपूर्ण आरसा ठेवतो, म्हणजे तिथे क्षेत्र शून्य. (ऋण वैश्विक स्थिरांक असलेल्या अवकाशाची सीमाही आरशासारखीच वागते, पण ती मांडणी इथे घेत नाही.)

समीकरण मांडा

विवर राइसनर–नॉर्डस्ट्रॉम प्रकारचं, म्हणजे भारित पण न फिरणारं आहे. त्याची दोन क्षितिजं:

त₊ = व + √(व² − भ²), त₋ = व − √(व² − भ²)

पुढे वारंवार लागणाऱ्या राशी:

अ = त₊ − त₋
द = (त − त₊)(त − त₋)
ज = न·त² − क·भ·त

क्षेत्र वस्तुमानरहित धरू. कोनीय भाग गोलीय प्रसंवादी फलनांचा, क्रमांक ल. काळानुसार बदल ‘वजा ई·न·काळ’ या घातांकी रूपाचा, जिथे ई² = −१. त्रिज्येवर अवलंबून असलेला भाग र असेल तर:

द·(द·र′)′ + [ज² − द·ल(ल+१)]·र = ०

या संकेतानुसार न चा काल्पनिक भाग धन असेल तर क्षेत्र घातांकी वेगाने वाढतं, ऋण असेल तर विझतं. हे चिन्ह वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वेगवेगळे निबंध वेगवेगळे संकेत वापरतात, आणि उत्तर उलटं येण्याचं ते सर्वांत नेहमीचं कारण आहे.

आणखी एक सापळा गेजचा, म्हणजे विभवाचा शून्यबिंदू कुठे धरायचा त्या निवडीचा. आपण विभव अनंतात शून्य धरला आहे. कुणी तो आरशावर शून्य धरला तर त्यांच्या सगळ्या वारंवारता क·भ/आ इतक्या खाली सरकतात आणि त्यांचा उंबरठा क·भ·(१/त₊ − १/आ) होतो. भौतिकी तीच राहते आणि काल्पनिक भाग बदलत नाही. दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करण्याआधी मात्र त्यांचा शून्यबिंदू कुठे आहे ते तपासा.

आपलं चालू उदाहरण: व = १, भ = ०.९, क = १. यावरून त₊ = १.४३५९, त₋ = ०.५६४१, अ = ०.८७१८ आणि न₀ = ०.६२६८. हे चार आकडे तुमच्या प्रोग्रॅममधून आधी छापून घ्या.

क्षितिजावरची अट

क्षितिजातून काही बाहेर येत नाही, म्हणून तिथे फक्त आत जाणारी लाट ठेवायची. य = त − त₊ घेतल्यास क्षितिजाजवळ र हे य च्या घ घाताप्रमाणे वागतं:

घ = −ई·त₊²·(न − न₀) / अ

संगणकाला हा घात थेट देऊ नका. क्षितिजाजवळ तो अनंत वेळा हेलकावतो. र = (य चा घ घात) × स असं लिहा आणि स साठी समीकरण सोडवा. स क्षितिजावर गुळगुळीत असतं:

द·स″ + [२य + अ + २घ(य + अ)]·स′ + [घ + ब − ल(ल+१)]·स = ०

इथे ब मध्ये वरवर पाहता य ने भागाकार येतो आणि क्षितिजाजवळ दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी होऊन अचूकता जाते. ती वजाबाकी कागदावरच उरकून घ्या. ज₀ = त₊²(न − न₀) आणि ज₁ = २न·त₊ − क·भ घेतलं की

ब = [(ज₁ + न·य)(२ज₀ + ज₁·य + न·य²) + घ²(य + २अ)] / (य + अ)

आता य = ० लाही काही बिघडत नाही. सुरुवातीच्या किमती स(०) = १ आणि

स′(०) = [ल(ल+१) − घ − २घ² − २ज₀·ज₁/अ] / [अ(१ + २घ)]

य = ०.०००१ पासून निघून स = १ + स′(०)·य वापरलं की चूक य² च्या पातळीवर राहते. बहुतेक कामाला एवढं पुरतं. जास्त अचूकता हवी असेल तर श्रेणीची आणखी काही पदं काढा.

वाढणाऱ्या कंपनांमध्ये आत जाणारी लाट क्षितिजाकडे लहान होत जाते, म्हणून बाहेरच्या दिशेने समाकलन करताना ती आपोआप वरचढ राहते. विझणाऱ्या कंपनांमध्ये उलट होतं. सुरुवातीची बारीक चूक बाहेर जाणाऱ्या लाटेच्या रूपाने फुगत जाते. त्यामुळे ऋण काल्पनिक भागाची उत्तरं नेहमी जास्त अचूकतेने पुन्हा काढा. धन उत्तरांवर तुलनेने लवकर विश्वास ठेवता येतो, आणि आपल्याला हवी आहेत तीही धनच.

उंबरठा: इथे वेळ द्या

न = न₀ ठेवा. घ शून्य होतो, ज₀ शून्य होतो आणि समीकरणातला प्रत्येक आकडा वास्तव उरतो. क्षितिजावर ऊर्जा आतही जात नाही, बाहेरही येत नाही. म्हणून याच वारंवारतेचं कंपन आरशात नेमकं बसलं तर ते वाढतही नाही, विझतही नाही. प्रश्न एवढाच की क्षितिजावर नियमित असलेलं र बाहेर जाताना पहिल्यांदा शून्य कुठे होतं. आरसा तिथे ठेवा, तोच उंबरठा.

सर्वांत सोपं कंपन ल = ० चं. फिरत्या विवरात ते वाढूच शकत नाही, इथे मात्र तेच सर्वांत सोयीचं. समीकरण असं होतं:

(द·र′)′ + न₀²·त²·य/(य + अ)·र = ०, र(त₊) = १, र′(त₊) = ०

संगणक चालवण्याआधी कागदावर उत्तराचा पट्टा काढता येतो, आणि मला या प्रश्नातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. त्रिज्येऐवजी कला (फेज) थ वापरा:

थ = न₀·[य + त₋·लॉग((य + अ)/अ)]

लॉग नैसर्गिक. या बदलाने समीकरण असं होतं (आता अवकलन थ सापेक्ष):

र″ + ग·र′ + र = ०

ग हे त·य या गुणाकाराच्या लॉगचं थ सापेक्ष अवकलज आहे. आपल्या उदाहरणात क्षितिजावर ग·थ = १ असतं आणि बाहेर जाताना ते वाढतं. य = १ ला सुमारे १.५५, य = ३ ला १.८७, य = ३.५ ला १.९१. या पट्ट्यात ते २ च्या आतच राहतं. ग·थ सतत १ असतं तर उत्तर शून्य क्रमाचं बेसेल फलन झालं असतं आणि पहिलं शून्य थ = २.४०५ ला आलं असतं. सतत २ असतं तर साइन थ भागिले थ मिळालं असतं आणि पहिलं शून्य ३.१४२ ला आलं असतं. खरं शून्य या दोहोंच्या मध्येच पडलं पाहिजे. थ वरून त्रिज्येत परत आलं की आरशाची उंबरठा त्रिज्या ४.४३ आणि ५.४७ यांच्या दरम्यान येते.

समाकलन केलं की ती ५.१६ च्या आसपास मिळते, तिथे थ सुमारे २.९२ असतं. तुमच्या प्रोग्रॅमने हा आकडा दिला नाही तर पुढे जाऊ नका. आधी न₀ आणि अ तपासा, मग द च्या अवकलनात त₋ विसरला आहात का ते पाहा.

एवढ्या कामातून बरंच कळतं. थ हा क च्या प्रमाणात वाढतो, म्हणून क्षेत्राचा भार जितका जास्त तितका आरसा विवराच्या जवळ आणता येतो. आरसा ५.१६ च्या आत असेल तर क = १ चं ल = ० क्षेत्र वाढणारच नाही, कारण तिथे बसणारी सर्वांत लांब लाटसुद्धा न₀ पेक्षा वेगाने कंपते. आरसा दूर नेत गेलात की र ची दुसरी, तिसरी शून्यं ओलांडली जातात, आणि प्रत्येक शून्याला एक नवं उपरी कंपन (ओव्हरटोन) अस्थिर होतं.

उंबरठ्यावरून पुढे

आता संमिश्र वारंवारता. कृती सोपी आहे: न चा अंदाज घ्या, स चं समीकरण आरशापर्यंत सोडवा, स(आ) किती येतं ते पाहा आणि ते शून्य होईपर्यंत न बदला. सायपायमध्ये समाकलनासाठी डीओपी८५३ ही पद्धत संमिश्र किमती स्वीकारते, फक्त सुरुवातीच्या किमती संमिश्र प्रकारच्या द्याव्या लागतात. सापेक्ष चूक दहाचा वजा दहावा घात, निरपेक्ष चूक वजा बारावा. मूळ शोधायला सेकंट किंवा म्युलर पद्धत वापरा. एमपीमॅथच्या फाइंडरूटमध्ये दोन्ही आहेत.

म्युलर पद्धत सुरुवातीच्या अंदाजावर फार अवलंबून असते. संमिश्र प्रतलात भलत्याच ठिकाणी टिचकी मारली तर ती दुसऱ्याच कंपनावर जाऊन बसते. उंबरठ्याचं काम इथे फळाला येतं. आ = ५.१६ ला उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे: न = ०.६२६८, काल्पनिक भाग शून्य. तिथून आरसा ०.१ ने बाहेर सरकवा आणि आधीचं उत्तर हाच नवा अंदाज द्या. पुन्हा ०.१. दोन बिंदू मिळाले की तिसऱ्याचा अंदाज सरळ रेषेने पुढे वाढवून घ्या. असं करत २० किंवा ३० पर्यंत जाता येतं आणि कंपनाची ओळख मध्येच बदलत नाही.

आलेखावर काय दिसायला हवं? वास्तव भाग सतत खाली येईल, कारण मोठ्या पोकळीत लांब लाटा बसतात. काल्पनिक भाग उंबरठ्यावर शून्यातून वर चढेल, शिखर गाठेल आणि मग हळूहळू उतरेल. उतरण्याची कारणं दोन. दूरच्या आरशापर्यंत एक फेरी मारायला लाटेला जास्त वेळ लागतो. शिवाय वारंवारता कमी झाल्याने विवरापर्यंत पोचणारा अंशही घटतो. उंबरठ्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे आ = ५ किंवा ४.८ ला, काल्पनिक भाग ऋण आला पाहिजे. तेवढे दोन-तीन बिंदू जरूर काढा. चिन्ह उंबरठ्यावर बरोबर पलटलं तर तुमचा प्रोग्रॅम जवळजवळ नक्की बरोबर आहे.

उत्तर तपासा

अस्थैर्याच्या गणितात फसवी वाढ ही खरी भीती असते, म्हणून तपासण्या वगळू नयेत. भ = ० ठेवून पाहा, कोणत्याही आरशाला सगळ्या वारंवारता विझणाऱ्याच आल्या पाहिजेत. क चं चिन्ह बदला आणि न च्या वास्तव भागाचंही बदला, काल्पनिक भाग तोच यायला हवा. सुरुवातीचा य दहापट लहान करा. सहावा-सातवा अंक हलला तर हरकत नाही, तिसरा हलला तर श्रेणी चुकली आहे.

सर्वांत खणखणीत तपासणी प्रवाहाची. र चं समीकरण र च्या संमिश्र संयुग्मीने गुणून क्षितिजाच्या किंचित बाहेरच्या बिंदूपासून आरशापर्यंत समाकलन करा आणि काल्पनिक भाग वेगळा काढा. न चा काल्पनिक भाग एका बाजूला, त्या बिंदूवरचा प्रवाह दुसऱ्या बाजूला येतो. मूळ शोधताना ही ओळख कुठेच वापरलेली नसते, त्यामुळे ती जुळली तर ते स्वतंत्र साक्षीदाराचं म्हणणं मानायला हरकत नाही.

वेग किती, आणि तो खरा किती

कार्लुस एर्देइरो, हुआन कार्लोस देगोयादो आणि हेल्गी रुनार्सन यांनी २०१३ साली हा प्रश्न नेटाने धुंडाळला. त्यांना काल्पनिक भाग × व ची किंमत ०.०७ पर्यंत मिळाली. फिरत्या विवराभोवती आरसा ठेवल्यास हाच गुणाकार जास्तीत जास्त दहाच्या वजा पाचव्या घाताच्या पातळीवर राहतो. हजारो पटींचा फरक आहे हा.

सेकंदांत पाहू. एका सूर्याइतक्या वस्तुमानाला ४.९२५ मायक्रोसेकंद लागू होतात. दहा सूर्यांच्या भारित विवरात ०.०७ या वेगाने आयाम २.७१८ पट व्हायला सुमारे ०.७ मिलिसेकंद लागतात. फिरत्या विवराला तेच करायला पाचेक सेकंद.

इतका फरक का, तर फिरत्या विवरात सुपररेडियन्ससाठी लाटेलाही फिरावं लागतं, म्हणजे ल किमान १ हवा. मग केंद्रोत्सारी अडथळा लाटेला विवरापासून दूर ठेवतो. भारित विवरात ल = ० चालतो, तो अडथळा राहत नाही. शिवाय फिरण्याच्या वेगाला वरची मर्यादा आहे, पण क·भ या गुणाकाराला नाही. क हवा तेवढा मोठा घेता येतो.

आता स्पष्ट बोललं पाहिजे. आकाशातल्या कृष्णविवरांवर असा भार टिकत नाही. इलेक्ट्रॉनचा भार त्याच्या वस्तुमानाच्या मानाने, आपण घेतलेल्या एककांत, सुमारे २ × १०²¹ पट मोठा आहे. भारित विवर विरुद्ध चिन्हाचे कण ओढून झटपट उदासीन होतं. आरसाही आकाशात नसतो. हे सैद्धांतिक प्रयोगाचं टेबल आहे, आणि त्याचं मोल फार मोठं आहे. ताऱ्यांएवढ्या वस्तुमानांच्या विवरांभोवती अतिहलक्या कणांचे ढग साचतात का, हे गुरुत्वीय लहरींच्या नोंदींत शोधलं जातं. त्या शोधामागची भौतिकी समजून घ्यायला, पूर्ण सोडवता येईल असा यापेक्षा स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

काळात चालवून पाहा

वारंवारतेतून आलेलं उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळता येतं. कासव-निर्देशांक (क्षितिजाला वजा अनंतावर नेणारा त्रिज्येचा बदललेला मापक) वापरून मूळ लहर समीकरण काळात पुढे न्या, सुरुवातीला एक गॉसियन लाट सोडा आणि आरशाच्या थोडं आत एका बिंदूवर आयामाचा लॉग काळासमोर मांडा. सुरुवातीचा गोंधळ ओसरला की सरळ रेषा दिसते. तिचा चढ म्हणजेच सर्वांत वेगवान कंपनाचा काल्पनिक भाग.

इथे दोन गोष्टींनी त्रास वाचतो. विभव क्षितिजावर शून्य होईल असा गेज निवडा. नाहीतर डाव्या टोकाला क्षेत्र न₀ च्या वारंवारतेने फुकट कंपत राहतं आणि सीमेवरची अट किचकट होते. या गेजमध्ये डावीकडे ‘काळाचं अवकलन = कासव-निर्देशांकाचं अवकलन’ एवढी अट पुरते. दुसरं, कासव-निर्देशांकावरून त काढताना त साठवू नका, य साठवा. क्षितिजाजवळ य इतका लहान असतो की त₊ मध्ये मिळवल्यावर तो दुहेरी अचूकतेतही नाहीसा होतो.

काळातला चढ आणि वारंवारतेतलं उत्तर तीन अंकांपर्यंत जुळलं तर काम झालं. जुळलं नाही तर आधी पाहा की काळात तुम्हाला दुसरंच, जास्त वेगवान उपरी कंपन तर दिसत नाही ना.

रेषीय गणित संपतं तिथे

घातांकी वाढ कायम चालू शकत नाही. क्षेत्र मोठं झालं की ते विवराचा भार आणि ऊर्जा इतकी काढून घेतं की भ आणि त₊ दोन्ही बदलतात, न₀ खाली येतो आणि सुपररेडियन्सचा पट्टा आकसतो. निकोलास सांचिस-ग्वाल, देगोयादो, पेद्रो मोंतेरो, होसे आंतोनियो फोंट आणि एर्देइरो यांनी २०१६ साली आइन्स्टाइनची पूर्ण समीकरणं क्षेत्रासह सोडवून ही प्रक्रिया शेवटपर्यंत नेली. शेवटी उरतं ते एक कमी भाराचं विवर आणि त्याच्याभोवती आरशाच्या आत साचलेलं भारित क्षेत्र. त्या क्षेत्राची कला नव्या विवराच्या न₀ ने फिरत राहते, म्हणजे पुन्हा उंबरठ्यावरच. क्षेत्राचा भार मोठा असेल तर वाढ स्फोटासारखी होते आणि काही ऊर्जा परत विवरात ढकलली जाते. स्टीफन ग्रीन, पाब्लो बॉश आणि लुईस लेहनर यांनी त्याच वर्षी ऋण वैश्विक स्थिरांकाच्या अवकाशात असाच शेवट दाखवला.

तो प्रोग्रॅम लॅपटॉपवर पहिल्या फटक्यात लिहायचा नसतो. तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे. ल = १ चा उंबरठा काढा: न = न₀ ला क्षितिजावरचा चढ ल(ल+१)/अ, म्हणजे आपल्या उदाहरणात २.२९४. आरसा ल = ० पेक्षा दूर जाईल, आणि किती दूर ते पाहिलं की केंद्रोत्सारी अडथळ्याची किंमत आकड्यात दिसेल. क्षेत्राऐवजी त्याचा उतार आरशावर शून्य ठेवून पाहा. भ हळूहळू १ कडे न्या. अ शून्याकडे जाईल, घ चा छेद लहान होईल आणि श्रेणीची जास्त पदं लागतील, म्हणून ०.९९ च्या पुढे जाण्याआधी एमपीमॅथची अचूकता तीस अंकांपर्यंत वाढवून घ्या.